निकालाआधी साक्ष: स्पोर्ट्स कार, डायनॅमो आणि साधनचिकित्सेची शिस्त

१/ आजचा धागा गडकोटांचा नाही, बॅटरीचा आहे. स्पोर्ट्स कार सुरू होत नाही, चार्जिंगचा लाल दिवा लागतो, बॅटरी वारंवार उतरते. तेव्हा नेमके काय बिघडले हे कसे ठरवायचे? 'बॅटरी गेली, बदलून टाका' हा निकाल आपल्याकडे बहुधा पुराव्याविना दिला जातो. जुन्या गाडीच्या बाबतीत तो चुकला, तर एक अस्सल ऐतिहासिक साधन भंगारात जाते. इतिहासाच्या वाचकाने म्हणूनच यात लक्ष घालावे, असे माझे मत आहे.

२/ आधी आपल्या गावाचेच उदाहरण घेऊ. जुन्या कागदात 'जळकोट' असा उल्लेख आला, तर तो कोणत्या जळकोटचा? एक जळकोट लातूर जिल्ह्यात, नांदेडच्या सीमेलगत, तालुक्याचे ठिकाण. दुसरे तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गाजवळ, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर. नाव एक, स्थळे दोन. कागदातील परगणा, शेजारची गावे आणि काळ पाहिल्याशिवाय जो निर्णय देतो, तो इतिहासकार नव्हे.

३/ 'गाडी सुरू होत नाही' हा उल्लेखही तसाच संदिग्ध आहे. त्यामागे चार निरनिराळी कारणे असू शकतात. बॅटरी वीज साठवून ठेवू शकत नाही. अल्टरनेटर किंवा डायनॅमो वीज निर्माण करत नाही. निर्माण झालेली वीज तारांत आणि जोडांत अडते. किंवा गाडी उभी असताना कोणीतरी गुपचूप वीज खात असते. लक्षण चारही वेळा एकच. म्हणून लक्षणावरून निदान करू नये, मोजमापावरून करावे.

४/ थोडा पूर्वेतिहास पाहू. पुन्हा पुन्हा भरता येणारी शिसे-आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या गॅस्टन प्लांते याने १८५९ साली तयार केली. १८८१ मध्ये कामिय फोर याने शिशाच्या पट्ट्यांवर लेप देण्याची युक्ती काढली आणि बॅटरी कारखान्यात बनवण्याजोगी झाली. आज बोनेटखाली असलेल्या बॅटरीचे मूळ रसायन तेच आहे. मोटारीतील क्वचितच दुसरी एखादी वस्तू दीडशेहून अधिक वर्षे मूळ तत्त्वात इतकी अबाधित राहिली असेल.

५/ मोटारीत बॅटरीला मानाचे स्थान मिळाले ते १९१२ मध्ये. त्यापूर्वी इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग याने विकसित केलेला विजेचा स्टार्टर त्या वर्षीच्या कॅडिलॅकमध्ये आला. आपण ज्याला 'सेल्फ मारणे' म्हणतो ते येथून सुरू झाले. स्टार्टर क्षणार्धात बॅटरीतून प्रचंड प्रवाह ओढतो, तेव्हा ती रिकामी झालेली जागा भरून काढणारे यंत्रही गाडीतच हवे. ते यंत्र म्हणजे डायनॅमो.

६/ डायनॅमोत तारांचे गुंडाळे असलेले आर्मेचर चुंबकीय क्षेत्रात फिरते. त्यात निर्माण होणारा प्रवाह कम्युटेटर आणि कार्बन यांच्या साहाय्याने एकाच दिशेने वाहता केला जातो. सगळा जड प्रवाह त्या दोन कार्बनांमधून जातो, हीच त्याची मर्यादा. ब्रिटिश गाड्यांत सर्रास आढळणारा ल्युकसचा सी-४० डायनॅमो सुमारे २२ अँपिअर देई, म्हणजे जेमतेम अडीचशे वॅट. आणि इंजिन मंद चालत असले की तेवढेही नाही. त्या वेळी दिव्यांचा भार एकट्या बॅटरीवरच पडे.

७/ डायनॅमोसोबत एक काळी पेटी असे. तिला आपल्याकडे 'कटआउट' म्हणतात. तिचे काम दुहेरी. इंजिन मंद झाले की बॅटरीची वीज उलट डायनॅमोत शिरू नये म्हणून जोड तोडणे, आणि वेग वाढला की व्होल्टेज मर्यादेबाहेर जाऊ न देणे. ही पेटी म्हणजे स्प्रिंग, गुंडाळे आणि संपर्कबिंदू यांचा खेळ. बिंदू काळवंडले तर डायनॅमो धडधाकट असूनही चार्जिंग थांबते. अनेक निर्दोष डायनॅमो या पेटीच्या गुन्ह्यासाठी शिक्षा भोगून गेले आहेत.

८/ हा इतिहास आपल्या मुलखाबाहेरचा नाही. मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना, १९३२ साली, निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघू लागली, तिचेच नाव नंतर पद्मिनी झाले. डायनॅमोच्या त्या युगात त्याचे आर्मेचर पुन्हा गुंडाळणे हा तालुक्या-तालुक्यातील मान्यताप्राप्त हस्तव्यवसाय होता.

९/ १९६० साली चित्र पालटले. क्रायस्लरने आपल्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसवला. यात चुंबक फिरतो आणि वीज स्थिर गुंडाळ्यांत निर्माण होते. कार्बनांतून जातो तो केवळ चुंबकाला चेतवणारा काही अँपिअरचा हलका प्रवाह. निर्माण झालेली वीज दिशा बदलत राहते; तिला एकाच दिशेत आणण्याचे काम सिलिकॉनचे डायोड करतात. स्वस्त आणि टिकाऊ डायोड उपलब्ध झाले म्हणूनच अल्टरनेटर मोटारीत येऊ शकला. इंजिन मंद असतानाही तो चार्जिंग करतो, आणि आज शंभर अँपिअरचा अल्टरनेटर सामान्य गोष्ट आहे.

१०/ स्पोर्ट्स कारच्या इतिहासात ही संक्रमणरेषा स्पष्ट दिसते. १९६१ च्या ३.८ लिटर जॅग्वार ई-टाइपमध्ये डायनॅमो; १९६४ च्या ४.२ लिटरमध्ये अल्टरनेटर. एमजीबीमध्ये हा बदल १९६७ च्या अखेरीस झाला. त्यासोबत अर्थिंगही उलटले. त्याआधीच्या या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. नंतर ऋण टोक. म्हणून जुन्या गाडीचे बोनेट उघडल्यावर पहिली कृती मीटर लावण्याची नसावी. ती कालनिश्चितीची असावी.

११/ कालनिश्चिती चुकली तर काय होते? धन-अर्थच्या समजुतीने ऋण-अर्थच्या गाडीला बॅटरी उलटी जोडली, की अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात. डायनॅमोचे तसे नाही. त्याच्या लोखंडात अवशिष्ट चुंबकत्व असते, आणि आपली मूळ दिशा तो लक्षात ठेवतो. ती बदलायची असेल, तर फील्डच्या टोकाला क्षणभर बॅटरीचा स्पर्श देऊन त्याला नवी दिशा शिकवावी लागते. लोखंडालाही स्मृती असते, हे इतिहासाच्या वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१२/ आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण: अलिबागजवळच्या कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीने 'रोडस्टर' ही दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार बांधली. घडण जुन्या लोटस सेव्हनच्या धर्तीची, बॉडी फायबरग्लासची, इंजिन इसुझूचे १.८ लिटर, तेच घराणे हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसा आणि अ‍ॅम्बेसेडरमध्येही होते. म्हणजे परदेशी आराखड्यातील गाडीचे हृदय टॅक्सीच्या कुळातले. अशा गाडीचा सुटा भाग कोणत्या दुकानात शोधायचा, हे तिची वंशावळ ठाऊक असलेल्यालाच सांगता येते.

१३/ फायबरग्लासमध्ये निदानाचा एक धडा दडला आहे. पत्र्याच्या गाडीत विजेचा परतीचा मार्ग म्हणजे खुद्द बॉडी. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. म्हणून अशा कोणत्याही गाडीत प्रत्येक दिव्यापासून सांगाड्यापर्यंत अर्थची स्वतंत्र तार ओढावी लागते. त्यातला एक बोल्ट गंजला, की दिवे मंदावतात, मीटर भलतेच दाखवतात आणि आरोप अल्टरनेटरवर येतो. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तर या जोडांकडे सर्वांत आधी पाहावे.

१४/ स्पोर्ट्स कारचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे वजनाचा तोल. त्यासाठी बॅटरी इंजिनापासून दूर ठेवतात. पोर्शे ९११ मध्ये इंजिन आणि अल्टरनेटर मागे, बॅटरी पुढे. १९८९ च्या माझदा एमएक्स-५ मध्ये इंजिन पुढे, बॅटरी डिकीत. एमजीबीत तर बरीच वर्षे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांमागे जमिनीखाली असत. तार जितकी लांब आणि जोड जितके अधिक, तितकी वाटेत वीज अडण्याची शक्यता अधिक. त्यातच अरुंद बोनेटखालची उष्णता.

१५/ आता प्रत्यक्ष निदान. साधन एकच: साधा डिजिटल मल्टीमीटर. पहिली साक्ष बॅटरीची, गाडी काही तास स्वस्थ उभी राहिल्यावर. शिसे-आम्लाच्या बॅटरीत सहा घरे असतात, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट. १२.६ किंवा अधिक म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी. १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. रिकामी बॅटरी आणि मेलेली बॅटरी या दोन भिन्न गोष्टी आहेत. आधी ती चार्जरवर पूर्ण भरा. मगच तिच्यावर खटला चालवा.

१६/ झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर अधिक बोलका. भरलेल्या घरातील आम्लाची घनता साधारण १.२५ ते १.२८. सहापैकी पाच घरे सारखी आणि एक फारच खाली असेल, तर ते घर गेले. अशी बॅटरी बदलणे न्याय्य आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीशी ओलांडतो. उष्णतेने पाणी उडते आणि पट्ट्या लवकर झिजतात. म्हणून आमच्या भागात बॅटरीचा खरा शत्रू मे महिना; ती बंद पडते मात्र बहुधा पुढे, थंडीच्या सकाळी, इंजिन जड झाले की.

१७/ दुसरी साक्ष सेल्फ मारतानाची. मीटर बॅटरीच्या टोकांना लावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज त्या वेळी साडेनऊच्या खाली उतरू नये. ते आठ-सात असे कोसळले तर बॅटरी दुबळी, किंवा स्टार्टर अवाजवी प्रवाह ओढणारा. उलट व्होल्टेज बाराच्या आसपास ठाम राहिले आणि स्टार्टर मात्र हललाच नाही, तर वीज त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. दोष तारेत, जोडात किंवा सोलेनॉइडमध्ये. या एका पाहणीने कित्येक बॅटऱ्या निर्दोष सुटतील.

१८/ तिसरी साक्ष चालत्या इंजिनाची. इंजिन किंचित वेगात ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. मग हेडलाइट आणि पंखा लावा. आकडा थोडा उतरेल, पण तेराच्या वर राहायला हवा. इंजिन चालू असूनही बारा-साडेबाराच दिसत असतील तर चार्जिंग नाही. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरी उकळवून मारेल. नवी बॅटरी बसवली तर तिचेही तेच होईल.

१९/ येथे एक सावधगिरी. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंगचे व्होल्टेज संगणक ठरवतो. बॅटरी भरलेली असेल तर तो मुद्दाम ते खाली आणतो, ब्रेक लावताना वाढवतो. अशा गाडीत एकाच क्षणाचा आकडा पाहून अल्टरनेटर बाद ठरवणे म्हणजे एका पत्रावरून संपूर्ण मोहिमेचा निष्कर्ष काढणे. भार टाका, काढा, पुन्हा मोजा. पुरावा मालिकेतून बोलतो.

२०/ चौथी साक्ष तारांची, आणि सर्वाधिक दुर्लक्षित. इंजिन चालू, दिवे लावलेले. मीटरची एक दांडी अल्टरनेटरच्या जाड तारेच्या टोकावर, दुसरी बॅटरीच्या धन टोकावर. जो आकडा दिसेल तितके व्होल्ट वाटेत हरवत आहेत. ०.२-०.३ पर्यंत ठीक. एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला. मग अल्टरनेटरचे आवरण आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये तसेच मोजा, तेथे ०.२ च्या आत हवे. पांढरा-हिरवा थर साफ करणे, बोल्ट आवळणे, एवढ्यावर पुष्कळ दुखणी बरी होतात.

२१/ पाचवी साक्ष डायोडची. मीटर एसीवर ठेवा, इंजिन चालू, भार टाकलेला. निरोगी अल्टरनेटरच्या प्रवाहात एसीचा अंश नगण्य असतो. तो अर्धा व्होल्ट ओलांडू लागला तर एखादा डायोड गेला असे समजावे. असा अल्टरनेटर दिवसा थोडेफार चार्जिंग करतो आणि रात्री त्याच डायोडातून बॅटरी हळूहळू रिकामी करतो. दिवसा मदतनीस, रात्री फितूर. येथेही अल्टरनेटर फेकण्याची गरज नसते. डायोडची प्लेट वेगळी मिळत असेल तर तीच बदलता येते.

२२/ डायनॅमोची परीक्षा वेगळी. त्याच्या दोन्ही तारा काढा, दोन टोके एकमेकांना जोडा आणि तेथून बॉडीपर्यंत मीटर लावा. इंजिन मंद वेगापासून हळूहळू वाढवा, हजार फेऱ्यांच्या पुढे नेऊ नका. आकडा झरझर पंधरा-वीसकडे चढला तर डायनॅमो निर्दोष. दोष कटआउटच्या पेटीत किंवा तारांत. एक व्होल्टही न चढला तर अवशिष्ट चुंबकत्वापलीकडे काही चाललेले नाही; मग कार्बन, आर्मेचर, फील्ड असे क्रमाने पाहावे. त्याआधी पट्टा सैल तर नाही ना, हे बोटाने दाबून बघावे.

२३/ आता लाल दिव्याची साक्ष. जुन्या अल्टरनेटरांत हा दिवा इग्निशन आणि अल्टरनेटर यांच्यामध्ये जोडलेला असतो. दोन्हीकडे व्होल्टेज समान झाले की तो विझतो. म्हणजे तो बॅटरीची प्रकृती सांगतच नाही. दोन टोकांतला फरक तेवढा सांगतो. शिवाय अल्टरनेटरला चेतवणारा पहिला प्रवाह त्याच दिव्यातून जातो. दिवा उडालेला असेल तर चार्जिंग सुरूच होणार नाही, असेही घडते. म्हणून चावी फिरवताच तो लागतो का, हे आधी पाहावे. मौन बाळगणारा साक्षीदार नेहमी निर्दोषत्वच सांगत नसतो.

२४/ सहावी साक्ष उभ्या गाडीची. स्पोर्ट्स कार आठवडेच्या आठवडे झाकून ठेवलेली असते. सगळे बंद करून, कुलूप लावून, संगणक झोपी जाण्यास अर्धा-पाऊण तास देऊन बॅटरीच्या तारेतला प्रवाह मोजा. ५० मिलीअँपिअरपर्यंत बहुधा क्षम्य. तरी तेवढ्यानेही महिन्यात ३६ अँपिअर-तास जातात. ४५ च्या बॅटरीत मग उरते काय? ५०० मिलीअँपिअर असतील तर चौथ्या दिवशी गाडी मुकी. फ्यूज एकेक काढत जा. ज्याने आकडा कोसळतो, त्या मार्गावर चोर आहे. हा प्रवाह मोजताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

२५/ आणि एक बखर. 'इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढा. इंजिन बंद पडले तर अल्टरनेटर खराब.' ही रीत डायनॅमोच्या काळातली. तेव्हाही ती चांगली नव्हती, पण गाडीत जळण्यासारखे फार काही नव्हते. आज बॅटरी अचानक दूर झाली की अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळते आणि इंजिनाचा संगणक, डायोड, रेग्युलेटर यांची राख होऊ शकते. परंपरेने चालत आले म्हणून ते प्रमाण होत नाही. ज्या काळाची रीत, त्या काळापुरताच तिचा अधिकार.

२६/ यावर एक आक्षेप येतो आणि तो मला क्षुल्लक वाटत नाही. मेस्त्रीचा वेळ महाग, गिऱ्हाईक दारात उभे, अर्धा तास मोजण्यापेक्षा भाग बदलणे स्वस्त. रोजच्या धावत्या गाडीत हा हिशेब कधीकधी खराही ठरतो. पण जो भाग पुन्हा बनणार नाही, त्याला हा हिशेब लागू करता येत नाही. शिवाय दोष तारेत असताना बदललेली बॅटरी दुसऱ्यांदा बदलावी लागते. वर सांगितलेल्या पहिल्या चार साक्षी नोंदवायला सरावलेल्या हाताला थोडीच मिनिटे पुरतात.

२७/ वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. गावोगाव हिंडून त्यांनी दप्तरे वाचवली. आमच्याच जिल्ह्यातील निलंग्याला १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी फारसी साधनांपर्यंत पोहोचले, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची दुसरी बाजू आपल्याला वाचता आली. दोघांचा धडा एक: मूळ साधन हातात असेल तरच वाद सुटतो. यंत्रांच्या इतिहासात मूळ साधन म्हणजे कागद नव्हे. ते आर्मेचर, ती पेटी, ती कापडी वेष्टनाची तार.

२८/ मग जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवावा का? बाहेरून डायनॅमोसारखा दिसणारा अल्टरनेटरही आज मिळतो. माझे मत असे: रस्त्यावर चालवायची गाडी रात्री सुरक्षित असली पाहिजे, तेव्हा बदल वर्ज्य नाही. पण तीन अटी. बदल पूर्ववत करता यावा, कुठेही कापाकापी नसावी. मूळ डायनॅमो आणि पेटी नावाची चिठ्ठी बांधून जपून ठेवावी. आणि अर्थिंगची दिशा बदलली असेल तर ते बोनेटखाली ठळक लिहून ठेवावे. पुढच्या वाचकाची फसवणूक करणारे संस्करण हे संस्करण नव्हे.

२९/ गाडीपेक्षा मोठी चिंता माणसांची आहे. आर्मेचर हाताने गुंडाळणारे, कटआउटचे अंतर पात्याने बसवणारे, आवाजावरून बेअरिंग ओळखणारे कारागीर झपाट्याने कमी होत आहेत. त्यांचे ज्ञान कोणत्याही दप्तरात नाही. उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधार, जळकोट येथील जुन्या वायरिंगवाल्यांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या आहेत का? राजे आणि लढाया यांवर धागे पुष्कळ झाले. रात्रीच्या बसचे दिवे ज्यांनी तेवते ठेवले, त्यांच्यावर एकही नाही.

३०/ भंगाराचीही एक बाजू आहे. बॅटरीतील शिसे विषारी आणि आम्ल दाहक. २००१ पासून जुन्या बॅटरीच्या परतीचे नियम आहेत. २०२२ मध्ये नवे, व्यापक नियम आले. जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्यावी. अंगणात फोडून शिसे वितळवणे म्हणजे घरातल्या लेकरांच्या अंगात विष घालणे. विनाकारण बदललेली प्रत्येक बॅटरी या साखळीत एक ओझे वाढवते. तेव्हा अचूक निदान हे पर्यावरणाचेही काम आहे.

३१/ जळकोटात स्पोर्ट्स कार क्वचितच दिसते, हे मला ठाऊक आहे. पण वरच्या सहाही परीक्षा दारातल्या ट्रॅक्टरवर, काळीपिवळी जीपवर, मामांच्या जुन्या पद्मिनीवर करता येतात. बारा व्होल्टची बॅटरी अलिबागच्या रोडस्टरमध्ये आणि शिवारातल्या ट्रॅक्टरमध्ये एकाच नियमाने वागते. मोजताना अंगठी, कडे काढून ठेवा, बॅटरीजवळ ठिणगी नको, पट्ट्यापासून बाही दूर. आणि प्रत्येक आकडा तारीख घालून वहीत लिहा.

३२/ त्या वहीला कमी लेखू नका. 'अमुक तारखेला १२.५, सेल्फ मारताना १०.१, चालू इंजिनावर १४.२' ही ओळ म्हणजे यंत्राच्या चरित्राचे समकालीन साधन आहे. तीन वर्षांनी बिघाड झाला की हीच वही सांगेल, घसरण कधी सुरू झाली. आपल्या गावात जुना डायनॅमो, कटआउटची पेटी किंवा रिवाइंडिंगचे दुकान अजून असेल, तर फोटो आणि कारागिराची आठवण, त्यांच्या परवानगीने, या धाग्याखाली जोडा. पुढचा धागा त्या साधनांवरच लिहू.

(धागा समाप्त)